अनाम, निनावी आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



कोणत्याही मंडळाच्या वर्गणीची यादी घ्या. तीत एक ओळ हटकून सापडते: "एक निनावी भगिनी". ती ओळ वाचली की सगळ्याजणी एकमेकींकडे पाहू लागतात. ही कोण असेल बरे? हिने नाव का नाही दिले? कोणी म्हणते मनाचा मोठेपणा, कोणी म्हणते घरच्यांना कळू द्यायचे नसेल, तर कोणी म्हणते लिहिणारीच नाव विचारायला विसरली असेल! गंमत अशी की तिन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात आणि तिन्हींना आपल्याकडे शब्द मात्र एकच. आज मला या शब्दाविषयी चार गोष्टी आपणांपुढे मांडावयाच्या आहेत. विषय शब्दाचा असला तरी तो शेवटी आपल्याच घरात येऊन पोहोचतो, म्हणून जरा धीराने ऐकावे ही विनंती.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. मूळ संस्कृत शब्द 'नामन्'. त्याला नकाराचा 'अ' लावला की 'अनाम' होतो. त्यावरूनच 'अनामिक' आणि 'अनामिका'. हा 'नाम' शब्द फार जुना आहे आणि त्याचे भाऊबंद दूरवर पसरलेले आहेत. फारसीत तो 'नाम'च आहे, लॅटिनमध्ये 'नोमेन', ग्रीकमध्ये 'ओनोमा'. ग्रीकांनीही आपल्यासारखाच नकार पुढे लावला, आणि त्यातून इंग्रजीतला 'अनॉनिमस' आला. म्हणजे आपला 'अनाम' आणि साहेबाचा 'अनॉनिमस' हे एकाच घराण्यातले आहेत.

मराठीने या 'नामा'ला आपल्या जिभेवर मऊ करून घेतले. ग्रामाचे गाव झाले, आमलकाचा आवळा झाला, त्याच वाटेने नामाचे 'नाव' झाले. मग या घरच्या शब्दाला 'नि' लावून आपण 'निनावी' केले. 'अनामिक' सोवळ्यातला शब्द, 'निनावी' रोजच्या वापरातला. म्हणूनच दाता 'अनामिक' असतो आणि पत्र 'निनावी' असते. एखाद्या मुलीचे ठरत आलेले लग्न मोडायला, एखाद्या बाईची अब्रू घ्यायला जी चिठ्ठी येते, ती कधी 'अनामिक' चिठ्ठी म्हणून येत नाही, ती निनावीच!

फारसीकडूनही आपण दोन शब्द घेतले: 'गुमनाम' आणि 'बेनामी'. 'बेनामी'चा अर्थ पाहण्यासारखा आहे. शब्दशः तो 'नाव नसलेला', पण व्यवहारात नाव तर असते, मात्र ते दुसऱ्याचे! पैसा एकाचा आणि कागद दुसऱ्याच्या नावाचा, याला बेनामी म्हणतात. असे व्यवहार रोखण्यासाठी १९८८ साली कायदा झाला आणि २०१६ साली तो अधिक कडक करण्यात आला. कायद्याचे बारकावे वकिलांनी सांगावेत. मला एवढेच दिसते की कागदावर नाव असूनही माणूस बिननावाचा असू शकतो. कित्येक बायकांची नावे खरेदीखतावर असतात, पण त्यांना ठाऊक असते ते फक्त अंगठा कुठे उठवायचा किंवा सही कुठे करायची एवढेच.

आता आपला स्वतःचा हात पुढे धरा. अमरकोशात पाच बोटांची नावे क्रमाने दिली आहेत: अंगुष्ठ, प्रदेशिनी, मध्यमा, अनामिका, कनिष्ठा. दाखवणारी ती प्रदेशिनी, मधली ती मध्यमा, सर्वांत धाकटी ती कनिष्ठा. आणि करंगळीशेजारच्या बोटाचे नाव काय, तर 'नाव नसलेली'! हे केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. रशियन, लिथुएनियन, फिनिश आणि चिनी भाषांतही या बोटाला 'बिननावाचे बोट' असेच म्हणतात. इतक्या दूरदूरच्या लोकांना एकच गोष्ट सुचावी हे नवल आहे.

जुन्या पंडितांनी यावर एक गोड कथा रचली आहे. कवींची मोजणी सुरू झाली, करंगळीवर कालिदासाचे नाव घेतले, आणि त्याच्या तोडीचा दुसरा कवी न मिळाल्याने पुढच्या बोटावर घ्यायला नावच उरले नाही. म्हणून त्या बोटाचे 'अनामिका' हे नाव सार्थ ठरले. कथा कालिदासाच्या गौरवाची आहे, बोटाच्या नव्हे. पण हेच बोट पूजेच्या वेळी दर्भाचे पवित्रक घालते, देवाला गंध लावते, साखरपुड्याची अंगठी मिरवते. पवित्र कामे सगळी तिच्याकडे, आणि नाव मात्र नाही. भगिनींनो, ही अनामिका आपल्याला ओळखीची वाटत नाही काय?

माझ्या मते अनाम असणे तीन प्रकारचे असते, आणि त्यांची गल्लत करू नये.

पहिला प्रकार आपल्या दारातच आहे. आपल्या शिरगावला बाहेरगावची माणसे 'प्रतिशिर्डी' म्हणून ओळखतात. ज्यांच्या दर्शनाला येथे रांगा लागतात त्या बाबांचे मूळ नाव काय? ते कोणालाच ठाऊक नाही. शिर्डीच्या खंडोबाच्या देवळापाशी म्हाळसापतींनी "या साई" अशी हाक मारली आणि तेच नाव रूढ झाले, असे परंपरा सांगते. १९१८ साली दसऱ्याच्या दिवशी बाबांनी देह ठेवला, तोपर्यंत आईबापांनी ठेवलेले नाव त्यांनी कोणाला सांगितले नाही. नाव त्यांनी आपणहून खाली ठेवले होते. हा पहिला प्रकार वैराग्याचा. यादीतल्या ज्या भगिनीने "माझे नाव नको" म्हणून सांगितले असेल, ती याच वाटेवरची.

दुसरा प्रकार आडोशाचा. नाव आहे, सांगण्यासारखेही आहे, पण ते उघड झाले तर बोलणारीची धडगत नाही. १८८५ साली मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया पत्रात बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांविषयी दोन पत्रे आली. खाली सही होती: 'एक हिंदू स्त्री'. ही स्त्री म्हणजे रखमाबाई. अकराव्या वर्षी तिचे लग्न लागले होते. पुढे नवऱ्याने तिला नांदायला आणण्यासाठी १८८४ साली कोर्टात दावा लावला आणि ती जाण्यास नाकारत होती. १८८७ साली कोर्टाने सांगितले, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंगाची तयारी दाखविली! १८८८ साली तडजोड झाली, रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन त्यांनी सुरत, राजकोट येथे स्त्रियांची सेवा केली. १९५५ साली त्या वारल्या. ज्या बाईने तुरुंगाचे भय बाळगले नाही, तिलाही आरंभी नावावर पदर ओढून घ्यावा लागला. तो भित्रेपणा नव्हता, बोलायला मिळावे म्हणून घेतलेला आडोसा होता.

याच संदर्भात १८८२ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी उत्तरेकडे हिंदीत 'सीमंतनी उपदेश' नावाचे पुस्तक निघाले. त्यात स्त्रियांच्या दुःखाविषयी अतिशय परखड लिहिले आहे, पण लेखिकेचे नाव नाही. केवळ 'एक अज्ञात हिंदू स्त्री'. ती कोण होती हे आजवर कळलेले नाही. त्याच वर्षी आपल्याकडे बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' पुण्यात छापले गेले, आणि ताराबाईंनी आपले नाव उघड दिले. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी ताराबाईंचे दुसरे पुस्तक काही निघाले नाही. एकीने नाव झाकले आणि ती कायमची हरवली. दुसरीने नाव दिले आणि तिला त्याची किंमत मोजावी लागली. नाव द्यावे की झाकावे, हे दुरून सांगणे सोपे असते. ज्या बाईवर प्रसंग येतो तिलाच ते ठरवू द्यावे.

आजही हा आडोसा लागतो. अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रीचे नाव प्रसिद्ध करणे हा कायद्याने गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेत तसे कलम होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते आहे. तेव्हा अशा बाईचे नाव ओट्यावर बसून, पाण्याच्या नळावर, नाहीतर मोबाईलवरच्या निरोपात फिरवणाऱ्यांनी, आणि त्यांत आपणही आलो, हे नीट ध्यानात धरावे. निनावी चिठ्ठी लिहून दुसऱ्याला दुखावणारा आणि स्वतःला वाचवण्यासाठी नाव राखून ठेवणारी, यांना एका पंक्तीला बसवू नये.

आता तिसरा प्रकार. हा सर्वांत मोठा, आणि माझे खरे बोलणे त्याविषयीच आहे. येथे नाव कोणी टाकून दिलेले नसते आणि कोणी झाकलेलेही नसते. ते कोणी विचारलेलेच नसते.

जात्यावरच्या ओव्या घ्या. वारकरी संतांच्या अभंगाच्या शेवटी नाममुद्रा असते. येथून जवळच देहू आहे. तुकोबांचे नाव त्यांच्या अभंगातून कोणी काढू शकत नाही. जनाबाईंनी स्वतःला नामदेवांची दासी म्हटले, पण 'जनी' हे नाव अभंगात घातलेच. ओवीची रीत वेगळी. ओवीत भावाचे नाव येते, लेकराचे येते, पंढरीच्या विठोबाचे येते. दळणारीचे स्वतःचे बहुधा येत नाही. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' या संग्रहात ओव्या गोळा केल्या, विषयवार लावल्या. मराठीवर त्यांचे फार उपकार आहेत. पण कोणती ओवी कोणत्या बाईने गायिली, हे मांडून ठेवण्याची त्या काळी पद्धत नव्हती. डॉ. कमलाबाई देशपांडे यांनी स्त्रियांच्या गाण्यांवरच्या आपल्या पुस्तकाला 'अपौरुषेय वाङ्मय' असे मार्मिक नाव दिले. वेदांना आपण अपौरुषेय म्हणतो, कारण त्यांचा कर्ता कोणी पुरुष नाही असे मानतो. बायकांच्या गाण्यांचाही कर्ता पुरुष नाही. पण कर्त्री तर होती ना! ती कोण?

खानदेशातील बहिणाबाई चौधरींचेही तेच झाले असते. लिहिता-वाचता न येणारी ही शेतकरीण शेतात, जात्यावर गाणी रचीत होती. चिरंजीव सोपानदेव आणि घरचे एक नातलग यांनी ती टिपून ठेवली, १९५१ साली बहिणाबाई वारल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईची गाणी' प्रसिद्ध झाली. एका वहीमुळे एक नाव वाचले. ज्या घरात वही नव्हती, त्या घरातली नावे गेली.

ही उणीव भरून काढण्याचे मोठे काम आपल्याच मुलुखात झाले आहे, हे मात्र अभिमानाने सांगावेसे वाटते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी पुण्यात राहून, मावळ-मुळशीच्या डोंगराळ गावांतून आणि पुढे महाराष्ट्रभर, गावोगावच्या कार्यकर्त्या स्त्रियांच्या मदतीने ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावे आणि तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या बाया! या संग्रहाची थोरवी केवळ संख्येत नाही. ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि तिचे गावही नोंदले आहे. २०१७ पासून 'पारी' या संस्थेने तो सर्वांना मोफत ऐकता-वाचता येईल असा खुला केला आहे. घरातल्या शिकत्या मुलींना सांगा, त्या मोबाईलवर काढून देतील. कदाचित एखाद्या मैत्रिणीला आपल्या माहेरची आजी तेथे नावागावासह भेटेल.

कोणी म्हणेल, बाईचे नाव न लिहिणे ही आपली जुनी रीत आहे. ती किती जुनी, ते आपल्या मावळातल्या दगडांना विचारा. कार्ल्याच्या एकवीरेला आपण सगळ्याजणी जातो. तिच्या देवळाशेजारच्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख आहेत. त्यांतल्या एकात लिहिले आहे की महादेवणक नावाच्या गृहस्थाची आई भायिला हिचे हे दान. बेडशाच्या लेण्यात पाण्याच्या टाक्यापाशी दुसरा लेख आहे: महाभोजाची मुलगी, आपदेवणकाची पत्नी, महारठिनी सामडिनिका हिचे दान. पाहा बरे, 'अमक्याची आई', 'अमक्याची बायको' हे नाते त्या काळीही सांगत होते. पण नाते सांगून झाल्यावर तिचे नावही कोरले. भायिला! सामडिनिका! दोन हजार पावसाळे झाले, ती अक्षरे अजून डोंगरात आहेत. सातवाहनांचा राजा आईच्या कुळावरून स्वतःला गौतमीपुत्र म्हणवून घेत असे, आणि त्या आईचे स्वतःचे नाव गौतमी बलश्री, हे नाशिकच्या लेण्यातील लेखावरून आपल्याला कळते. तेव्हा नावे न लिहिणे ही काही अनादि काळापासूनची रीत नव्हे. मधल्या काळात आपण ते विसरलो.

आणि आज? आपण नावाला किती मानतो ते आपल्या भाषेतच दिसते. नाव काढणे, नाव राखणे, नाव कमावणे, नाव बुडवणे. कुळाची सगळी अब्रू आपण नावात साठवली आहे. बाळाचे नाव ठेवतो तो सोहळा असतो, आणि नावे ठेवतो ती निंदा असते. फरक एका मात्रेचा. हळदीकुंकवाला आपण हौसेने 'नाव घेतो', ते नवऱ्याचे. त्यात वाईट काही नाही, उखाण्याची गोडी मलाही आहे. पण लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून मुलीचे माहेरचे नाव कित्येक घरी बदलले जाते, पुढे ती 'अमक्यांच्या घरातली' होते, मग 'तमक्याची आई', आणि शेवटी नुसती 'म्हातारी'. नाव बदलावेच अशी कायद्याची सक्ती नाही. जिला आवडेल तिने खुशाल बदलावे. पण निदान तिला विचारावे.

याहून दुःखाची गोष्ट सातारा जिल्ह्यातली. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून तिचे नावच 'नकुशा' ठेवीत. त्यापेक्षा बिननावाचे राहणे बरे! ऑक्टोबर २०११ मध्ये तेथे अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली, आणि आपले नवे नाव काय असावे हे मुलींनी स्वतः सांगितले. शाळेच्या हजेरीला रोज 'नको असलेली' म्हणून 'हजर' म्हणणाऱ्या पोरीला त्या दिवशी काय वाटले असेल, ते आपण आयाबहिणी जाणू शकतो.

अलीकडे सरकारनेही एक चांगले पाऊल टाकले. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने असे ठरविले की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव सरकारी कागदांवर लिहिताना प्रथम त्याचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम असावा. भायिलेच्या मुलाला हे ऐकून आनंदच झाला असता.

आणखी एक कागद आहे, आणि तो मावळात फार महत्त्वाचा आहे: सातबारा. जमिनीला भाव आला तसे या कागदावर कोणाचे नाव आहे याला मोल आले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, हे महाराष्ट्राने १९९४ साली आणि सबंध देशाने २००५ साली हिंदू वारसा कायद्यात मान्य केले. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ते अधिक स्पष्ट केले. तरी कित्येक बहिणींना त्यांचे नाव पहिल्यांदा आठवणीने विचारले जाते ते हक्कसोडपत्रावर सही घेताना! भावाला प्रेमाने काही सोडणे हा तिचा अधिकार आहे, त्याविरुद्ध मी बोलत नाही. पण काय सोडतो आहोत ते वाचून, समजून, स्वतःच्या मनाने सोडावे. न वाचता केलेली सही ही निनावी सहीच होय.

म्हणून मला सांगावयाचे ते एवढेच. अनाम राहणे हा प्रत्येकीचा हक्क आहे. दुसरीला अनाम ठेवणे हा मात्र अन्याय आहे. शब्द एकच असला, तरी नाव न देण्याचे ठरविले कोणी, एवढे विचारले की कोणता प्रकार आहे ते तत्काळ कळते.

आता एक सूचना मांडते. मंडळाने या वर्षी एक जाड वही घ्यावी. प्रत्येकीने तीत एक पान भरावे: स्वतःचे लग्नापूर्वीचे नाव, आताचे नाव, आईचे नाव, आईच्या आईचे नाव, सासूचे आणि आजेसासूचे नाव, त्यांची माहेरची गावे. पुढे लिहावे, त्यांना काय येत होते. कोणाला शंभर ओव्या येत असतील, कोणी सुईण असेल, कोणी बियाणे राखीत असेल, कोणाच्या हातच्या पापडाला चव असेल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याकडून ऐकून शिकत्या मुलींनी लिहावे. आजेसासूचे नाव आठवेना तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारावे. उद्या सांगणारे माणूस असेल असे नाही. आणि एखादीने "माझे नाव नको" म्हटले, तर तेही मानावे, आग्रह करू नये.

हे काम खर्चाचे नाही, वर्षभरात सहज होण्यासारखे आहे. पुढच्या वर्धापनदिनाला या स्मरणिकेत त्या वहीतली नावे छापावीत, अशी मी अध्यक्षबाईंना विनंती करते.